दुपारची विहीर

बाबा, विहिरीचं पाणी मोजायची तुमची गाठींची दोरी अजून माझ्या ऑफिसच्या पिशवीत असते. काम मी पोलादी टेपनं करतो, ओल कुठवर आली ते दिसावं म्हणून टोकाला खडू घासून, पण टेप विहिरीत सोडायच्या आधी हात दोरीला लागतो आणि तोंडातून 'नर्मदे हर' निघतं, तुमच्यासारखंच. भूजल विभागात नोकरी लागली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "चांगलं झालं, माझंच काम करून राहिला तू, फक्त पगार घेऊन." आज रविवार आहे. उद्या एक रिपोर्ट द्यायचा आहे, त्याचे कागद समोर आहेत, आणि मी तुम्हाला लिहायला बसलो आहे.

शहराबाहेर, अधारतालच्या पुढे, सिहोऱ्याच्या रस्त्याला, आता एक डेटा सेंटर उभं आहे. बाहेरून पाहिलं तर खिडक्या नसलेलं भलंमोठं गोदाम. आत लोकांचे फोटो, निरोप, तिकिटं असं सगळं सांभाळणारी यंत्रं अखंड चालतात. ती तापतात आणि त्यांना थंड ठेवायला बोअरचं पाणी लागतं. भिंतीपलीकडे हाकेच्या अंतरावर एक वस्ती आहे. वस्तीला एकच विहीर, आणि ती माझ्या यादीत. दोन वर्षं दर महिन्याला मी ती मोजली, उजाडताना, कोणी बादली टाकायच्या आत. तुम्ही शिकवलं तसं.

मला आपल्या गावच्या शाळेची विहीर दिसते. मी चौथीत आहे, सकाळी पाणी मोजून फळ्यावर आकडा लिहायची पाळी माझी. उठायला उशीर झाला म्हणून बायकांनी पाणी भरून नेल्यावर मी दोरी सोडली आहे, आणि तुम्ही साऱ्या वर्गासमोर मला उभं केलं आहे. "काहून रे, धावत आलेल्या माणसाची नाडी पाहतात का? आधी बसू दे त्याला." माझा आकडा तुम्ही फळ्यावरून पुसून टाकता. तो ओला फडका मी अजून विसरलो नाही. त्यानंतर मागच्या आठवड्यापर्यंत एकदाही मी पाणी भरल्यावर विहीर मोजली नाही.

वस्तीतली एक म्हातारी मात्र दर वेळी टोकायची. "भैया, कभी दोपहर को आओ. सबेरे तो कुआँ भी नहा-धो के बैठा रहता है, साहब लोगन के लिए." बायका हसायच्या, मीही हसायचो. सकाळचा आकडा बोट-दोन बोटं उतरत होता, तेवढं उन्हाळ्यात होतंच. त्या आकड्यांवरून वरच्यांनी 'परिणाम नगण्य' असं लिहिलं, आणि आता कंपनीला आणखी बोअर हवे आहेत. उद्याच्या माझ्या रिपोर्टावर ते ठरायचं आहे.

मागच्या आठवड्यात तुमची दोरी मी विहिरीच्या कठड्यावर विसरलो. ऑफिसात पोचल्यावर लक्षात आलं. जीव थाऱ्यावर राहिना, म्हणून भर दुपारी स्कूटर परत फिरवली. म्हातारी दोरी घेऊन सावलीत बसली होती. "लो अपनी रस्सी. अब आ ही गए हो तो डाल भी दो." मी सोडली. दोरी कोरडी वर आली, बाबा. शेवटच्या गाठीपर्यंत कोरडी, टोकाला फक्त चिखल. तळाशी कोणाची तरी बादली आडवी पडलेली दिसत होती. भिंतीमागे पंप एका सुरात चालले होते. ऊन वाढलं की यंत्रांना पाणी जास्त लागतं. पहाटे गारव्यात पंप मंदावतात, विहीर हळूहळू भरते, आणि मग मी येतो.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपकी रीडिंग तो नियम से है, भाई. अब दोपहर का लिखोगे तो पूछेंगे, दो साल क्या सो रहे थे?" घरी हिला सांगितलं, तर ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "मग सांगा ना, झोपलो होतो म्हणून. खोटं थोडीच आहे?"

मनातल्या मनात मी चार दिवस तुम्हालाच दोष दिला. नियम तुमचा होता. मग आज देवपूजा करताना पुढचं आठवलं. फळ्यावर आकडा लिहून झाला की तुम्ही चपला घालायचात आणि ज्याचा पंप सगळ्यात मोठा त्याच्या बागेत जायचात. मी मागे. तो म्हणतो, "चलो मास्टरजी, पहले चाय." तुम्ही खाटेवर बसून म्हणता, "पहले मोटर बंद करो, फिर पिऊँगा." तो हसतो, रागावतो, आत निघून जातो. तुम्ही बसलेलेच. शेवटी मोटर थांबते आणि तुम्ही तो गार झालेला चहा पिता. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. मला तुमची लाज वाटली होती. सकाळी मोजून तुम्ही घरी परतत नव्हता, हे मी पाहिलं होतं, पण शिकलो फक्त सकाळ.

त्या दुपारचा आकडा मी रिपोर्टात घातला आहे. नवे बोअर नकोत, आहेत त्यांना मीटर लावा, ऊन असताना उपसा थांबवा, यंत्रांना शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी द्या, असंही लिहिलं. दोन वर्षं फक्त सकाळीच का मोजलं, त्यापुढे 'वडिलांनी शिकवलेली पद्धत' असं लिहिलं होतं. ते खोडून 'माझी चूक' लिहिलं. सही अजून केलेली नाही, हे लिहून झालं की करतो.

हे पत्र दोरीच्या वेटोळ्यात ठेवीन, दुसरं कुठं टाकणार? एक मात्र रिपोर्टात लिहिता आलं नाही. दर महिन्याला विहीर मोजून झाली की कंपनीचा मॅनेजर मला आत बोलवायचा. फार गार खोली होती. चहा मी घेतला, बाबा, प्रत्येक वेळी. एकदा तर साखर मागून घेतली.