जळालेली मोटर कोणी भरायची

सुलेखा राजेंद्र साळवे यांस,
सप्रेम जयभीम.

तू गेल्यानंतरचे हे माझे पहिलेच पत्र. आपली मेघा बरी आहे, वेळेवर जेवते. तिला वाळूजच्या एका कंपनीत स्वागतकक्षात नोकरी लागली असून कंपनीची बस घराजवळ थांबते. तू काळजी करू नयेस.

तुझ्यामागे चितेगावच्या दुकानात शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी मेघाच नवी तांब्याची तार गुंडाळून भरत होती. हात अगदी तुझाच. मी निवृत्त प्राध्यापक नुसता खुर्चीत बसे, तरी गिऱ्हाईक बोलायचे माझ्याशीच.

गेल्या महिन्यात तुझे जुने गिऱ्हाईक भिकनराव मोटर घेऊन आले. मी म्हणालो, "मेघा भरून देईल."

"सर, पोरगी हाय. उद्या लगीन होऊन जाईल, मग ग्यारंटी कुणाकडं मागू?"

"सुलेखाही बाईच होती."

"व्हय, पण बाईच्या मागं तुम्ही होते ना!" ते हसले आणि मोटर परत घेऊन गेले.

संध्याकाळी मेघा म्हणाली, "बाबा, त्यांचं बरोबरच असंल. मला एकटीला नाय जमायचं."

वाळूजच्या त्याच कंपनीत मोटारी भरण्याच्या विभागातही जागा होती. तिने तिथे अर्जच केला नाही. "तिथं पोरंच घेत असतील," एवढेच बोलली. तिला कोणीही नाकारले नव्हते. मी पुष्कळ समजावले. परंतु माझ्या शब्दांना तुझे वजन नाही. तू असतीस तर तिला काय म्हणाली असतीस?

तुझाच,
राजेंद्र

ता. क. आज दुकान रिकामे केले. दाराला कुलूप लावले व किल्ल्या जागामालक रामप्रसाद यांना परत केल्या.