छत्री उघडण्याचे चौदा नियम

२ मार्च, रविवार. सकाळी ७.
आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाला शिस्त हवी. निवृत्तीनंतर वैमानिकाचा परवाना काढला, काल विमान आलं. चार सीट, निम्मं माझं, निम्मं दातांच्या डॉक्टरचं. छतात एक लाल हँडल आहे. ते ओढलं की मागून रॉकेट सुटतं, भलीमोठी हवाई छत्री उघडते आणि विमान माणसांसकट खाली येतं. माणसं वाचतात, विमान भंगारात जातं. डॉक्टर त्या हँडलवर फिदा. मी म्हणालो, ज्याला उडवता येत नाही त्याच्यासाठी ही सोय. तो चहा सांगायला उठला. पटलं असावं.

४ मार्च, मंगळवार.
हिच्याशी प्लॅन बोललो. हिने शाळेची नोकरी सोडायची, दोघांनी विमानाने भटकायचं. तर हिचं भलतंच! बहिणीच्या गावच्या शाळेने हिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलंय. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. एकतीस वर्षांच्या संसारानंतर हे काय खूळ! शेवटी म्हणाली, एकदा तुमच्या शेजारी बसून बघते, मग ठरवते. म्हणजे काम फत्ते.

५ मार्च, बुधवार.
फ्लाइंग क्लबात लेक्चर. इन्स्ट्रक्टर बाई तिशीच्याही नसतील. म्हणे छत्री कधी उघडायची ते जमिनीवरच ठरवून यायचं. इंजिन बंद आणि उंची दोन हजार फूट, की ओढायचं. वर चर्चा नाही. मी उठून सांगितलं, बत्तीस वर्षं खरेदी विभाग सांभाळला, एकही निर्णय घाईने घेतला नाही. माझ्या काही फायली अजून विचाराधीन आहेत. बाई म्हणाल्या, काका, विमान विचाराधीन राहत नाही. सगळे खिदळले. संकल्प: स्वतःचे लेखी नियम करणे.

८ मार्च, शनिवार.
तीन नियम तयार. एक, आधी कारण शोधावे. दोन, जबाबदारी कोणाची ते निश्चित करावे. तीन, छत्री हा शेवटचा उपाय असल्याने शेवट आला आहे याची खात्री करून घ्यावी. डॉक्टरने विचारलं, तिसऱ्याची खात्री कशी करणार? जळतो मेला.

१५ मार्च, शनिवार.
नियम नऊ. ही आज क्लबात गेली होती! वैमानिकांच्या घरच्यांसाठी एक दिवसाचा वर्ग असतो. आपलं माणूस वर बेशुद्ध पडलं तर काय करायचं वगैरे. माझ्या छंदात हिला एवढा रस, मला कल्पनाच नव्हती. छाती फुगली. वर्गात एकच प्रश्न विचारला म्हणाली. कोणता, ते सांगेना. सीटबेल्टचा असेल.

२२ मार्च, शनिवार.
नियम चौदा. कार्ड लॅमिनेट करून आणलं. उद्या उड्डाण. कार्ड उशाखाली ठेवून झोपतो.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.
थोडक्यात लिहितो. साडेतीन हजार फुटांवर इंजिन बंद पडलं. मी शांतपणे कार्ड काढलं. वाचायचा चष्मा मागच्या सीटवरच्या बॅगेत. हिला म्हणालो, थांब, घाबरू नकोस. ही घाबरली नव्हतीच, उंचीच्या काट्याकडे बघत होती. कसाबसा नियम दोनपर्यंत आलो होतो, आदल्या दिवशी विमान डॉक्टरने नेलं होतं, त्याने काय घोळ घातला असेल याचा विचार करत होतो, तेवढ्यात हिने दोन्ही हातांनी हँडल ओढलं. न विचारता! कानठळ्या बसल्या. मग झोके घेत मक्याच्या शेतात आदळलो. माझी पाठ गेली, हिचं मनगट मुरगळलं. आणखी दहा सेकंद मिळाले असते तर मी स्वतःच ओढलं असतं. किंवा नसतं. परिस्थिती पाहून ठरवलं असतं.

२४ मार्च, सोमवार.
डॉक्टर फोन उचलत नाही. विमानापायी माणुसकी विसरला.

२६ मार्च, बुधवार.
चौकशी अधिकारी आले. इंधनाची डावी टाकी कोरडी, उजवी काठोकाठ भरलेली. मधला खटका उजवीकडे फिरवला असता तर इंजिन सुरू झालं असतं म्हणे. तो मी फिरवणारच होतो. मग हेडसेटचं रेकॉर्डिंग लावलं. सत्त्याऐंशी सेकंदांत मी अठरा वेळा ‘थांब’ म्हणालो. आवाज किती स्थिर होता, त्याचं कोणाला कौतुक नाही.
अधिकाऱ्यांनी हिला विचारलं, ओढायचं कधी ठरवलंत? ही म्हणाली, वर्गातच. तिथे बाईंना विचारलं होतं, नवरा थांब थांब म्हणत राहिला तर किती थांबायचं? बाई म्हणाल्या दोन हजार फुटांपर्यंत. तेवढं थांबले.
चारचौघांत! अधिकारी खाली मान घालून लिहीत राहिले.

२८ मार्च, शुक्रवार.
हिला स्पष्ट सुनावलं, तुझा माझ्यावर विश्वासच नव्हता. ही म्हणाली, होता ना, तुम्ही काहीच करणार नाही यावर पूर्ण होता. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. खोटं कशाला लिहू.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०.
ही बहिणीच्या गावी निघाली. बॅगा दारात, टॅक्सी खाली. मी विचारलं, हे कधी ठरवलंस? म्हणाली, शेतात. खाली आदळल्यावर तुम्ही पहिलं काय बोललात आठवतंय? मला आठवेना. म्हणाली, ‘आता डॉक्टरला काय सांगायचं?’ माझं मनगट सुजलं होतं, तुम्ही अजून विचारलेलं नाही.
मी लगेच विचारलं. बरं आहे म्हणाली. मग जिन्यातून परत वर आली. म्हणाली, तिथे दोन खोल्या आहेत, यायचं तर चला, टॅक्सी दहा मिनिटं थांबेल.
मी म्हणालो, विषय गंभीर आहे, सगळ्या बाजूंनी बघायला हवं. कागद घेतला. जाण्याच्या बाजूने सहा मुद्दे निघाले, विरुद्ध सहा. खाली हॉर्न वाजत होता, लक्ष लागेना.

१०.०५.
जायचं ठरलं. चपला घालून खाली आलो. टॅक्सी गेली होती. फोन केला, येतो म्हणालो. ही म्हणाली, राहू द्या आता.