सायकलचं विधेयक

२ मार्च, सकाळ
हिने पुन्हा सायकलचा विषय काढला. पॅसेजमधली माझी सायकल भंगारात द्यायची आणि तिथे मुलीचं टेबल टाकायचं. मुलगी घरून काम करते, तिला जागा हवी, मान्य. पण याच सायकलवरून मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला गेलो. चेन नाही, टायर बसलेत, हे किरकोळ. सायकल जाणार नाही म्हणजे नाही! मला न विचारता हुकूम सुटतात, ही शुद्ध हुकूमशाही. संपवणार.

दुपार
घरात लोकशाही जाहीर केली. सासूबाईंनाही मत दिलं. त्या माझ्याच बाजूने आहेत, परवा त्यांचा चष्मा मी शोधून दिला.

३ मार्च
मतदान. तीन विरुद्ध एक. सासूबाईंनी माझ्याकडे बघून हसत हात वर केला. बहुमताची दादागिरी कशी चालते ते वर्गात घसा फोडून सांगायचो, आज घरातच पाहिली. निकाल स्थगित.

५ मार्च
राजेशाही. घरातला वडीलधारा मी, तेव्हा गादी आपसूक माझी. (सासूबाई वयाने मोठ्या आहेत, पण तो तांत्रिक मुद्दा.) पहिली आज्ञा: सायकलला हात लावायचा नाही. दुसरी: चहा.

संध्याकाळ
चहा आला नाही. स्वतः केला. दूध उतू गेलं. हिने फडकं हातात दिलं. राजाने ओटा पुसला.

९ मार्च
संघराज्य! प्रत्येकाला स्वायत्त प्रदेश. स्वयंपाकघर हिचं, आतली खोली मुलीची, बाल्कनी सासूबाईंची. पॅसेज माझा, सायकलसकट. याला म्हणतात मुत्सद्देगिरी.

१० मार्च
बाथरूमचा रस्ता मुलीच्या प्रदेशातून जातो. परवानगी लागेल म्हणाली, मीटिंग चालू आहे. संघराज्य बरखास्त. कारण वैयक्तिक.

१३ मार्च
विजय! मुलगी स्वतःहून तह घेऊन आली. म्हणाली, बाबा, तुम्ही आमचे राष्ट्रपती व्हा, तुमच्या सहीशिवाय घरात काही होणार नाही. एकमताने निवड. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. तिथल्या तिथे शपथ घेतली. चहा न मागता आला. आता बघतोच सायकलला कोण हात लावतं!

१५ मार्च
तिघींच्या संसदेने विधेयक पाठवलं: सायकल भंगारात द्यावी. हसूच आलं. लाल शाईने 'फेरविचार करावा' असं लिहून परत पाठवलं.

दुपार
विधेयक होतं तसंच परत आलं. मुलीने फार नम्रपणे विचारलं, राष्ट्रपतींना एकदा परत पाठवता येतं, पण दुसऱ्यांदा आलं तर काय करतात, बाबा?
हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेला घालायचो. ती आठवीत माझ्याच वर्गात होती. पूर्ण मार्क पडले होते. तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. आजही वाटला, याचाच जास्त राग आला.

१६ मार्च
सही केली. घटनेपुढे मान तुकवली, माणसांपुढे नाही. याची नोंद असावी.
भंगारवाला सायकल जिन्यावरून उतरवत होता तेव्हा मी पेपर वाचत होतो. एक अक्षर वाचलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.
मुलीने घंटी तेवढी काढून घेतली होती. नव्या टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवली. म्हणाली, राष्ट्रपतींना चहा हवा असेल तेव्हा वाजवायची.

संध्याकाळ
वाजवली. कोणी आलं नाही. जोरात वाजवली. आतून ही म्हणाली, उठलाच आहात तर आमचाही टाका.
उठलो नव्हतो. उठलो. चार कप चहा टाकला. दूध उतू जाऊ दिलं नाही.