तू लावलेलं लॉक

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? आई बरी आहे. तुझा विषय निघाला की उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागते. मी बरी आहे. म्हणजे, नक्की कळत नाही.

तू नोकरी सोडल्यावर तुझं काम माझ्याकडे आलं. रुग्णांच्या खाटेशेजारचे ते मॉनिटर अजूनही अकरा-बारा दिवसांनी गोठायचे. तुझ्यावर खापर फोडून चौकशी मिटली, मशीन काही सुधारली नाहीत. महिनाभर मी मशीनच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमच्या, त्या कर्नलच्या, कोडमध्ये डोकं खुपसून बसले. मेमरी गळत होती, पण कुठून ते दिसेना. नोंदी घ्यायला लागले की कामं मंदावायची आणि गळती गायब! वेड लागायची पाळी आली.

शेवटी सापडलं. मेमरीतली एक जागा दोन कामं मिळून वापरतात. किती जण वापरतायत त्याचा आकडा तिथे लिहिलेला असतो; सोडताना प्रत्येकाने त्यातून एक वजा करायचं, शून्य झालं की जागा मोकळी. पण दोघं एकाच क्षणी आली, तर दोघांनाही दोनच दिसतात आणि दोघंही एक लिहून जातात. शून्य कधी होतच नाही. एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक तिथे लावलं. सोळा दिवस झाले, एकही मॉनिटर गोठलेला नाही.

दादा, ते लॉक तुझ्या मूळ कोडमध्ये होतंच. जुन्या नोंदी चाळल्या. मी काढलंय ते. वेग वाढावा म्हणून, तू रजेवर असताना, तुला न विचारता. चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा तू एवढंच म्हणालास, "फाईल माझी आहे." मी शेजारीच बसले होते. मला खरंच वाटलं की चूक तुझी. घरी आईलाही तसंच सांगितलं.

तुला माहीत होतं का? माहीत असून गप्प बसलास, की तुलाही सापडलं नव्हतं? यातलं कुठलं उत्तर मला हवंय, तेही कळत नाही.

काल साहेबांना सगळं लिहून दिलं. ते म्हणाले, "मशीन चालतायत ना? मग जुनं कशाला उकरायचं?" मी कागद परत घेतला नाही. मग आईला सांगितलं. तिने हातातली घडी तशीच सोडली. नंतर तुझा नवा पत्ता माझ्या हातात ठेवला. तो तिच्याकडे होता, हेही मला ठाऊक नव्हतं.

रागाचं का होईना, चार ओळी लिही.

तुझीच (असं लिहू ना?)
धाकटी