चार अंश, बारा बावन्न

सोमवार, ४ मार्च

आज माउस काढून घेतला! सरळ वायर उपटली, ड्रॉवरमध्ये टाकला, किल्ली पर्समध्ये. संपला विषय.

रक्तपेढीतल्या फ्रिजच्या खोलीत मी नवीन कॉम्प्युटर बसवला त्याला तीन आठवडे झाले. काम दोनच. आठवड्याच्या दिवसांत पिशव्यांची लेबलं छापायची, आणि चोवीस तास फ्रिजचं तापमान नोंदवून ते चढलं की भोंगा वाजवायचा. लेबलांना बारकोडची बंदूक आहे. कीबोर्ड माझ्या कपाटात. माउस लागतोच कशाला? पण मामांना कोण सांगणार! मामा म्हणजे त्या खोलीचे अटेंडंट. सगळ्यांचेच मामा. तीस वर्षं त्याच स्टुलावर, निवृत्तीला आठ महिने. येता माउस हलव, जाता माउस हलव. माउस इतका चिकट की उचलला तर टेबलच सोबत येईल.

म्हणाले, “हलवून बघावं लागतं मॅडम. कधीकधी हलत नाही.”

“तुमच्या केसांचं तेल लागलंय त्याला, मग कसा हलेल?”

“तसं नाही, तो बाणच—”

“मामा, ही काय म्हैस आहे, पाठीवरून हात फिरवायला?”

फडकं घेऊन टेबल पुसायला लागले. पुसू देत. या वयात माणसं यंत्राला देव तरी करतात नाहीतर जनावर.

बुधवार, ६ मार्च

साहेबांची मीटिंग. दीड तास वीजबचत! स्वतःच्या केबिनमध्ये माणूस नसताना एसी चालू, आणि आम्हाला उपदेश. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती! पण माझं नाव घेतलं. नवीन मशीन काम नसेल तेव्हा जवळजवळ वीजच खात नाही, हे मी तक्त्यात दाखवलं होतं. “असं डोकं पाहिजे,” म्हणाले. विभागप्रमुखाची नेमणूक २५ तारखेला. बाकी दोन उमेदवारांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

सोमवार, ११ मार्च

काल रविवार. संध्याकाळी फोन. फ्रिज बंद पडला होता, दुपारी केव्हातरी. सेहेचाळीस पिशव्या रक्त फेकून द्यावं लागलं. आजची दोन ऑपरेशनं पुढे ढकलली. भोंगा वाजलाच नाही.

मामा अख्खी दुपार तिथेच बसून! सहाला टेक्निशियन आली, फ्रिज उघडला तर आत गरम. तिने कॉम्प्युटरचं बटण दाबून धरलं, परत चालू केला, आणि भोंगा ठणाणा वाजायला लागला. म्हणजे भोंगा धडधाकट. नोंदी बघितल्या. शेवटची बारा बावन्नची, चार अंश. त्यानंतर सहापर्यंत काहीच नाही. कुणीतरी बंद केल्याशिवाय असं होतं का?

मामांचं एकच पालुपद. “डोळ्याला डोळा लागला नाही हो. समोर चार दिसत होतं.”

साहेब म्हणाले, “चार दिसत होतं की स्वप्न दिसत होतं?”

सगळे हसले. मीही हसले.

(फ्रिजला स्वतःची घंटा आहे. ती गेल्या वर्षी बिघडली. दुरुस्तीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे. त्यावर कुणी हसलं नाही.)

मंगळवार, १२ मार्च

मामा निलंबित. चौकशी समिती तिघांची. तिघांपैकी एकालाही फ्रिजची खोली कुठल्या मजल्यावर आहे ते माहीत नाही. गुन्हा शाबित झाला तर बडतर्फ, पेन्शन गेली. मशीनचा अहवाल मी द्यायचा, कारण इथे मशीनमधलं कळणारी मी एकटीच.

गुरुवार, १४ मार्च

पुरवठादाराचा इंजिनिअर काल आला. टाय लावून! फ्रिजच्या खोलीत टाय! दोन दिवस त्याने प्रोसेसरला घाण्याला जुंपल्यासारखं राबवलं. हजार आकडेमोडी एकदम, पंखा किंचाळतोय, आम्ही पाचजण भोवती हाताची घडी घालून उभे. मशीन काही बंद पडेना. टाय म्हणतो, “बघा, लोखंड आहे लोखंड!” स्वतःच ओतल्यासारखा. चहा तीनदा प्यायला, सही करून गेला.

मशीन निर्दोष. म्हणजे मामा झोपले. झालं.

शुक्रवार, १५ मार्च

झालं कुठे? आज जुन्या नोंदी चाळल्या. मशीन बसवल्यापासून अकरा वेळा खंड पडलाय. प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं, मग मशीन पुन्हा सुरू. अकराच्या अकरा शनिवार-रविवारच्या दुपारी. मी उडालेच आनंदाने. बघा, मामा सुट्टीच्या दिवशी मशीनचा प्लग काढून मोबाइल चार्ज करतात! ४ तारखेपासून खंड नाहीत, कारण मी दम दिला. मग १० तारखेला पुन्हा केलं आणि लागली डुलकी.

घरी यांना सांगितलं. आमचे हे शाळेत गणित शिकवतात, जगातलं दुसरं काही कळत नाही. भाजी निवडता निवडता म्हणाले, “तू माउस काढलास ना? मग त्याने चार्जिंग का थांबावं?”

काय पण प्रश्न! जेवले नाही धड.

रविवार, १७ मार्च

साडेअकराला जाऊन बसले. मामांच्या स्टुलावर. बदली माणसाला बाहेर बसवलं. कशाला हात लावायचा नाही असं ठरवलं. रविवार, लेबलं नाहीत, मशीनला काम नाही. स्क्रीनवर चार. फ्रिजची घरघर. मोबाइलवर दोन मैत्रिणींचे मेसेज वाचले, कंटाळा आला, नखं बघितली. पुन्हा स्क्रीन. चार.

भूक लागली म्हणून मनगटावरचं घड्याळ बघितलं. पावणेदोन. स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक अठरा.

मी सत्तावीस मिनिटं मेलेल्या मशीनसमोर बसले होते! जागी! टक्क डोळे उघडे! आणि मला चार दिसत होतं.

ड्रॉवर उघडला, माउस लावला, हलवला. बाण हलला नाही. हेच सांगत होते मामा. बाण हलतोय का बघायचा. नाही हलला तर बटण दाबायचं आणि परत चालू करायचं. अकरा वेळा केलं त्यांनी. चार-पाच मिनिटांत. बाराव्या वेळी त्यांच्याकडे माउस नव्हता.

कपाळ माझं.

सोमवार, १८ मार्च

कारण सापडलं. शोधायचं काय त्यात, दहा मिनिटांचं काम.

काम नसलं की प्रोसेसर झोपतो. पायऱ्या-पायऱ्यांनी. पहिली पायरी म्हणजे डुलकी, लगेच जाग. खालच्या पायरीवर गाढ झोप, वीज जवळजवळ शून्य. माझा तो लाडका तक्ता! या मशीनच्या मदरबोर्डाची खोड अशी की प्रोसेसर तळाच्या पायरीवर गेला की कधीतरी उठतच नाही. रात्री-सकाळी नोंदींच्या प्रती काढायचं काम असतं, आठवड्याच्या दिवसांत लेबलं; पुरता रिकामा तो सुट्टीच्या दुपारीच. राबवलं तर झोपणारच नाही, मग मरेल कसा? आणि मी त्या टायला दोन दिवस राबवायला लावलं. हो, मीच. ‘कसून तपासा,’ म्हटलं. तो तरी काय करणार बिचारा. बिचारा कसला — त्यालाही कळायला हवं होतं!

उपाय एका ओळीचा. मशीन चालू होताना सिस्टीम एक फाइल वाचते, तिच्यात लिहायचं की पहिल्या पायरीच्या खाली उतरू नकोस. चालू होतानाच सांगावं लागतं, एकदा उठून बसल्यावर ऐकत नाही. आता खरी गंमत. आधीच्या मशीनच्या फाइलमध्ये ही ओळ होती. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या इंजिनिअरने घातलेली. बोर्ड त्याच कंपनीचा. नवीन मशीनवर मी सगळ्या ओळी उतरवल्या, ही सोडून. वाचून हसले होते, आठवतंय. म्हटलं, आजोबांना विजेची किंमत नाही. का घातली ते त्यांनी लिहून ठेवलं नव्हतं हे खरं. मीही विचारलं नव्हतं. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे.

आज ती ओळ चालू होतानाच्या मेनूत हाताने टाइप केली. चालली. जेवायला गेले, कुणीतरी साफसफाईला प्लग काढला, परत लावला. ओळ गायब! मेनूतलं तेवढ्यापुरतंच टिकतं, फाइलमध्ये घालावं लागतं. हे मी प्रशिक्षणार्थींना दरवर्षी शिकवते. नाचता येईना आणि अंगण मीच सारवलेलं.

आता फाइलमध्ये आहे. तीनदा बंद-चालू करून बघितलं. पक्कं.

बुधवार, २० मार्च

लेबलं दुसरीकडे छापून मशीन तीन दिवस रिकामं ठेवलं. एक खंड नाही.

एक गोष्ट दुपारपासून डोक्यातून जात नाही. मशीन आता मरणारच नाही. कुणी कितीही तपासो. जे घडलं त्याचा पुरावा मीच पुसून टाकला, दुरुस्ती करून. आता ते फक्त मला माहीत आहे.

गुरुवार, २१ मार्च

मामी आल्या होत्या. मामांची बायको. गेटवर अडवलं होतं त्यांना, मी आत आणलं. खुर्चीच्या कडेवर बसल्या. मला वाटलं रडतील, पाया पडतील. तसलं काही नाही.

“तुमच्याकडे तपासणी आहे म्हणे.”

“हो.”

“ते दुपारचे आडवेच होत नाहीत हो आता. घरात! पाठ टेकली की उठून बसतात. म्हणतात, कुणी बघितलं तर? म्हटलं, अहो, आपलं घर आहे, कोण बघणार? तर म्हणतात, तिथेपण कुणी बघत नव्हतं.”

मी पाणी दिलं. प्यायल्या नाहीत. उठताना म्हणाल्या, “तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. मॅडमना कळेल म्हणतात, मॅडमना मशीनमधलं सगळं कळतं.”

माणसाने इतकं भाबडं असू नये. राग येतो मला असल्या माणसांचा! तुझा माउस काढून घेतला त्या बाईने, ओरड ना! समितीसमोर सांग ना! सांगितलं नाही त्यांनी. मी कागद बघितले. माउसबद्दल एक अक्षर नाही.

शुक्रवार, २२ मार्च

साहेबांकडे गेले. सांगायलाच. दार लावून घेतलं, म्हटलं, “मशीनबद्दल थोडं—”

हे महाशय नखं कापत होते. वर न बघता म्हणाले, “अहवाल सोमवारी सकाळी द्या. दुपारी नेमणुकीची बैठक आहे, त्याआधी हे मिटलेलं बरं.” मग वर बघितलं. “मशीनमध्ये दोष निघाला तर ते कुणी बसवलं हेही निघेल. निघायचं असेल तर निघू दे. मी काय, सत्याच्या बाजूचा माणूस.”

सत्याच्या बाजूचा! घंटेचा अर्ज बुडाखाली दाबून बसलेला माणूस! चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि दोर माझ्याकडून वळून घ्यायचा. किळस आली. “बघते,” एवढंच म्हणून बाहेर आले. का नाही बोलले तिथल्या तिथे? नखं मेजावर उडत होती, त्यांच्याकडेच बघत राहिले.

यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, माउससकट. ऐकून म्हणाले, “मग सांगून टाक. चूक झाली, झाली.”

“आणि लोक हसतील ते?”

“दोन दिवस हसतील.”

गणिताच्या माणसाला सगळंच मोजता येतं. तो टाय हसेल. बाकीचे दोन उमेदवार हसतील. मीटिंगमध्ये साहेब म्हणतील, असं डोकं पाहिजे. वीस वर्षं या इमारतीत मी दुसऱ्यांना हसत आले आहे. मला माहीत आहे ते कसं असतं.

रविवार, २४ मार्च

लिहिला. सकाळी बसले ते दोनपर्यंत. दोन पानं. झोपेच्या पायऱ्या, राहिलेली ओळ, अकरा खंड आणि ते कुणी सांभाळले, माउस कुणी आणि कोणत्या तारखेला काढला, ‘म्हैस’ म्हटलं तेसुद्धा. एक शब्द मऊ केला नाही. ‘अटेंडंट यांनी झोप घेतली असे मानण्यास कोणताही आधार नाही. सदर यंत्र झोपले होते, व ते अधोस्वाक्षरीकर्तीच्या चुकीमुळे.’

यांना वाचून दाखवलं. उठले आणि माझ्यासाठी चहा केला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, स्वतःहून चहा केल्याचं मला आठवत नाही.

किती हलकं वाटतंय! उद्या त्या नखंकापूच्या टेबलावर आपटते. मग होऊ दे काय व्हायचं ते.

सोमवार, २५ मार्च

अहवाल दिला. एक पान. ‘आजच्या तपासणीत यंत्रात कोणताही दोष आढळला नाही.’ खोटं नाही त्यात काही. आज नाहीच आहे दोष.

खाली सही माझी.