गाडीवरची भारतमाता

अमडापूर, ता. २-२-६२

ती. पुष्पामावशीस चांगुणाचा शि. सा. न. वि. वि.

लिवन्यात चुका असतीन, हसू नोको. चौथीतून शाळा सुटली, एक ओळ लिवाले मले लय येळ लागते.

मतदानाच्या फेरीत मले भारतमाता केलं. गुरुजी म्हने लाजाळू हाये तं काय झालं, हिले कुठी बोलाचं हाये, गाडीवर नुसतं उभं राहाचं. पुठ्ठ्याचा मुकुट, हातात झेंडा, गळ्यात पाटी का बहिनींनो मत द्या. मायले माह्यापेक्षा खुशी. या खेपेले बाबानं मत द्याले हो म्हनलं, म्हून नवं लुगडं काढून ठेवलं.

पन भेव वाटते. यादी लिवनारा आला तवा मायनं परक्या मानसाले आपलं नाव सांगतलं नाही, बाबाचं तं घेतच नाही. माय मले म्हने तू सांग, अन् मी लाजून कोठीत पळाली. शेजारनीनं वरडून सांगतलं, उकंडरावची बायको लिवा. त्यानं तेच लिवलं.

लोभ असू दे.
तुही चांगुणा

मेहकर, ता. ९-२-६२

चि. चांगुणास अ. आ.

भारतमातेनं आता भाकरी थापाव्या का नाही, मायले इचार.

तुह्या काकानं कचेरीत पाह्यलं. नुसतं अमक्याची बायको लिवलेली नावं कापली म्हने, दुरुस्तीची मुदत बी सरली. तुह्या मायले, तानाबाईले, आजच सांग पोरी. रांगेत जाऊन तिची फजिती नोको.

माया हाये ते वाढो.
पुष्पामावशी

अमडापूर, ता. २७-२-६२

ती. मावशीस शि. सा. न.

मले सांगनं झालं नाही. रोज तोंडाशी ये, मायची खुशी पाहून गिळो. तुहं पत्र चुलीत घातलं.

मतदानाच्या दिशी गाडी चावडीपाशी होती. माय शाळेत दोन घंटे रांगेत उभी राह्यली. यादीत नाव नाही म्हने. मंग तिनं चार बाप्यायसमोर मोठ्यानं आपलं नाव सांगतलं, बाबाचं बी घेतलं. तरी वापस धाडलं.

येता येता बाकीच्या बाया गाडीच्या पाया पडत होत्या, तशी माय बी माह्या पाया पडली. मी झेंडा धरून उभीच. खाली उतरू नोको म्हनून गुरुजीनं बजावलं होतं.

नाव घेतलं म्हून बाबा तिच्याशी बोलत नाही. मायनं लुगडं धुऊन पेटीत ठेवलं.

माह्यावर राग धरू नोको, माया असू दे.
चांगुणा

काल म्हैस जनली. वगार झाली, मादी पारडू.