ग्रानमूचे हंगाम

बॉथेल, १५ फेब्रुवारी २००४

अहो,

मालिनीचा नमस्कार. प्रवास नीट झाला. गुडघ्यांनी त्रास दिला नाही. तुमच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात आहेत. कांचन दोन्ही वेळची पोळीभाजी करून जाईल. तिला मीठ कमी घालायला सांगितलं आहे, तुम्ही वरून घेऊ नका.

इथे आभाळ सतत भरलेलं असतं आणि बारीक पाऊस असतो. त्याचा आवाजही होत नाही. छत्री कुणी वापरत नाही.

बाळ लहान आहे. दिवस भरायच्या फार आधी आलं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं आहे. श्वासाला नळी आहे. डॉक्टर म्हणतात, अशी बाळं इथे जगतात. वेळ लागेल. अदिती ठीक आहे.

एरलेंडबद्दल तुम्हाला ऐकायचं नसेल. तरी लिहिते, कारण दिवसभर मी त्याच्या समोर बसलेली असते. नर्सने सांगितलं, बाळाशी बोलत जा, त्याला आवाज ओळखता येतो. अदितीला बोलायला गेलं की रडू यायचं. एरलेंडला गोष्टी येत नाहीत, गाता येत नाही. मग त्याने आपल्या गावच्या क्लबचा इतिहास सांगायला घेतला. बर्फावरच्या हॉकीचा क्लब. गावाचं नाव ग्रानमू. नॉर्वेत कुठेतरी जंगलात आहे, कागदाच्या गिरणीभोवती वसलेलं. पेटीला हात घालायची गोल खिडकी असते. तिच्यापाशी तोंड नेऊन तो एकेक हंगाम सांगतो. कुणाशी खेळले, किती गोल झाले, शेवटी कितवे आले. हे सगळं त्यांच्या भाषेत. झालं की मला इंग्रजीत थोडक्यात सांगतो.

पहिला हंगाम छत्तीस सालचा, गिरणीमागच्या तळ्यावर. ऊन पडून बर्फ मऊ झाला की सामना थांबवायचे. त्या वर्षी ते सगळे सामने हरले. चाळीस साली त्यांच्या देशात जर्मन आले. त्यांच्या हाताखाली खेळायचं नाही असं खेळाडूंनी ठरवलं, आणि पाच वर्षं कुणी खेळलं नाही. मी म्हटलं, ती वर्षं सोडून दे. तो म्हणाला, "नाही, आई. ते पण हंगाम आहेत." प्रत्येक वर्ष वेगळं घेतलं. सांगायला काही नव्हतं, तर साल सांगून तेवढा वेळ नुसता बसून राहिला.

शेजारच्या शोभना डबा घेऊन आल्या होत्या. मूळच्या नागपूरच्या. काचेतून बघत म्हणाल्या, "मालिनीताई, जावई काय पुटपुटतोय हो? मंत्र वगैरे आहे का त्यांच्यातला?"

अदिती म्हणाली, "हॉकीचे रिझल्ट्स आहेत, काकू."

"अगं बाई! जिंकलेले का हरलेले?"

"मोस्टली हरलेले."

"मग सांगू दे. जिंकलेले काय, कुणीही सांगतं."

अदिती हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

आता कामाचं. पेटीवर नुसतं 'बेबी बॉय' लिहिलेलं आहे. नर्स रोज नाव विचारते. अदिती तिला सांगते, आमच्याकडे पहिल्या नातवंडाचं नाव घरातलं मोठं माणूस काढतं, आम्ही थांबलो आहोत. तिचं स्वतःचं नाव असंच तुमच्या वडिलांनी काढलं होतं. ते अंथरुणाला खिळले होते, बोलणं कळत नव्हतं, तरी आपण थांबलो होतो. एरलेंडला मी हे सांगितलं. तो म्हणाला, थांबू. बारसं पुढे ढकललं आहे.

काल तिनेच फोन केला होता. तुम्ही 'राँग नंबर' म्हणालात आणि ठेवलात. ती मला म्हणाली, "आवाज बरा होता गं त्यांचा. खोकला नाहीये."

नाव कळवा. उलट टपाली लिहिलंत तरी चालेल.

तुमची
मालिनी


बॉथेल, २ मार्च २००४

अहो,

नमस्कार. पत्र मिळालं असेल. कांचनचा निरोप मोहनभावजींकडून कळला. तुम्ही जेवता आहात हे ऐकून बरं वाटलं.

ग्रानमू चौसष्ट साली देशात पहिलं आलं. तेवढं एकदाच. एरलेंडचे आजोबा गोलात उभे असायचे. तोंडावर जाळी नसायची, समोरचे दात सगळे गेलेले. तो हंगाम त्याने उभं राहून सांगितला. पुढे उतरण. त्यांच्यात असं असतं, तळाला राहिलेला संघ खालच्या वर्गात जातो. मार्चमध्ये वरच्यातले शेवटचे आणि खालच्यातले पहिले यांचे सामने होतात आणि कोण चढणार, कोण उतरणार ते ठरतं. ग्रानमू उतरलं, चढलं, पुन्हा उतरलं. मला आता सालं पाठ झाली आहेत. एक्क्याण्णव साली क्लबच बुडाला. मोठे खेळाडू दुसरीकडे गेले. मुलांचा संघ करून सगळ्यांत खालच्या वर्गातून पुन्हा सुरुवात केली. त्या मुलांत एरलेंड होता. पहिला सामना एकोणीस-शून्य.

अदिती म्हणाली, "एकोणीस? हे बाळाला सांगायलाच हवं होतं का?"

तो म्हणाला, "विसावा आम्ही होऊ दिला नाही."

मागच्या पत्रात डॉक्टर काय म्हणतात ते लिहिलं होतं. आता ते तसं म्हणत नाहीत. बाळाच्या डोक्यात रक्तस्राव झाला. एकदा झाला, मग पुन्हा झाला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

एरलेंडचा वेग कमी झाला आहे. आधी एका बैठकीत दोन-तीन हंगाम व्हायचे. आता एक सामना घेतो. कुणी कुणाला चेंडू दिला, प्रेक्षकांत कोण होतं, परतताना बस कुठे बंद पडली. चेंडू नव्हे, चपटी चकती असते. तो हळू का सांगतो हे आम्हा तिघांनाही कळतं. तो आता दोन हजार एकमध्ये आहे.

तुम्हाला एकदा माझ्यावर विश्वास ठेवून ऐकायचं असेल तर हे ऐका. तुमचा राग खरा आहे, मी तो खोटा ठरवत नाही. लग्न तिने तुम्हाला न सांगता केलं. पण नाव तुमच्याकडे मागितलं आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही. परवा गाडीत म्हणाली, "बाबांना सांग, मी सॉरी म्हणते. कशाबद्दल ते त्यांनी ठरवावं."

तिचा आवाज ऐकायला नको असेल तर मी फोन करते. तुम्ही फक्त नाव सांगा.

मालिनी


बॉथेल, १९ मार्च २००४

ग्रानमू यंदा चढलं की नाही, मला माहीत नाही. शेवटचे सामने या आठवड्यात होते. मी एरलेंडला विचारलं. तो म्हणाला, बघितलं नाही.

डॉक्टरांनी आम्हाला एका लहान खोलीत बसवलं होतं. तिथे सोफा होता आणि रुमालांचा खोका. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. अदितीने एकच विचारलं, उद्यापर्यंत थांबता येईल का. त्यांनी हो म्हटलं. तिला तो दिवस कशासाठी हवा होता हे तुम्हाला कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलमधूनच फोन लावला. तुम्ही उचललात. मी म्हटलं, मालिनी बोलतेय, बाळाची नळी आज काढणार आहेत, काही बोलू नका, फक्त नाव सांगा. तुमचा श्वास ऐकू येत होता. मागे टीव्ही चालू होता. अदिती माझ्यासमोर उभी होती. माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मग तुम्ही फोन ठेवलात.

मी तिला म्हटलं, लाइन कट झाली.

ती म्हणाली, "आई, नको."

एरलेंड आत गेला आणि त्याने यंदाचा हंगाम सांगितला. या वेळी घाई केली नाही, लांबवलंही नाही. शेवटच्या सामन्यापर्यंत आला आणि म्हणाला, इथवर.

अदिती म्हणाली, "पुढचं सांग."

"पुढचं अजून खेळले नाहीत."

"मग बनव. बनवून सांग ना."

"नाही. मी त्याला खोटं काही सांगितलेलं नाही."

मला वाटलं, ती त्याला मारेल. तिने त्याला बाजूला केलं, स्वतः गोल खिडकीपाशी बसली आणि मराठीत पुढचा हंगाम सांगू लागली. तिला त्या खेळाचे नियमही येत नाहीत. तिच्या हंगामात ग्रानमू पहिला सामना हरलं. दुसराही हरलं. मी म्हटलं, अगं, जिंकव की. ती म्हणाली, "थांब ना आई. आत्ता तर सुरू झालाय." तिसऱ्या सामन्याच्या मध्यात नर्स आली. मागे डॉक्टर होते.

नाव त्या दोघांनी तिथेच ठरवलं. दोघं खालच्या आवाजात बोलले, फार वेळ लागला नाही. मग अदितीने मला बोलावलं. एरलेंडची बहीण नॉर्वेत, ती कुठून येणार. आत्याच्या जागी मी. कान करंगळीच्या पेराएवढा होता. त्यावरची चिकटपट्टी नर्सने हलकेच काढली. मी वाकले आणि नाव सांगितलं. तीनदा सांगायचं असतं, तसं तीनदा सांगितलं. बाहेर कुर्र करायला कुणी नव्हतं. एरलेंडने विचारलं, एवढंच असतं का? मी म्हटलं, एवढंच.

मग नळी काढली. अदितीने त्याला मांडीवर घेतलं. तिने त्याला मांडीवर घेतलं ते तेव्हाच. खिडकीबाहेर गाड्या ये-जा करत होत्या. तो आमच्याजवळ बराच वेळ होता, डॉक्टर म्हणाले होते त्याहून जास्त.

शोभनांनी आणि त्यांच्या यजमानांनी पुढचं सगळं केलं. अस्थी एरलेंडने मागून घेतल्या आहेत. ग्रानमूच्या तळ्यावर नेणार आहे. अदितीने हरकत घेतली नाही.

मी तिकीट पुढे ढकललं आहे. किती, ते ठरवलेलं नाही. कांचनला महिना संपला की थांबायला सांगू नका, ती येत राहील, मी मोहनभावजींशी बोलले आहे. गोळ्या संपत आल्या असतील.

नाव काय ठेवलं ते इथे लिहीत नाही. दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद बाजूला ठेवले. ते आम्ही तिघांनी ठेवलेलं आहे, आणि कागदावरून तुमच्याकडे यावं असं मला वाटत नाही. तुम्हाला हवं असेल तर विचारावं लागेल. नंबर तुमच्याकडे आहे.

फोन अदिती उचलेल. मी उचलणार नाही.

मालिनी